नाव एका गावचे, बोली दुसऱ्या गावची

गेल्या दिवाळीपूर्वी पलंगपोस शोधत असताना खरेदीच्या एका संकेतस्थळावर ‘बोहेमियन’ नावाचा स्वतंत्र विभाग दिसला. त्यातील एका पलंगपोसावर आरशांचे भरतकाम होते, कडेला गोंडे होते आणि रंगसंगती बहुधा कच्छ किंवा बाडमेरकडून उचललेली होती. खाली वर्णनात लिहिले होते की ही ‘बोहेमिया देशातील भटक्या लोकांची पारंपरिक शैली’ आहे. या एका ओळीत किती चुका आहेत हे मोजू लागलो, तेव्हा लक्षात आले की त्या सगळ्याच काही त्या विक्रेत्याच्या नाहीत. निम्म्याहून अधिक चुका सहाशे वर्षे जुन्या आहेत आणि ‘बोहेमियन’ या शब्दातच त्या मुरलेल्या आहेत. गंमत अशी की चित्रासाठी आरशांचे भरतकाम निवडणाऱ्याने, स्वतःच्या नकळत, बोट मात्र बऱ्यापैकी बरोबर दिशेला दाखवले होते.

बोहेमिया हा आज स्वतंत्र देश नाही. झेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडील मोठा भाग, ज्यात राजधानी प्रागही येते, तो बोहेमिया. तेथील लोक स्वतः त्याला ‘चेखी’ म्हणतात. शेती, काचकाम आणि खाणी ही त्या प्रदेशाची जुनी ओळख आहे. त्यातील याखिमोव्ह या खाणगावात सोळाव्या शतकात पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरून ‘थालर’ आणि पुढे ‘डॉलर’ हा शब्द आला, आणि क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये ज्या खनिजातून रेडियमचा शोध लावला ते खनिजही याच गावचे होते. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत खोल उतरून बसलेल्या अशा प्रदेशाचे नाव भटकेपणाला कसे चिकटले, हा साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र भाषाशास्त्रातील एका अत्यंत सुंदर नियमापर्यंत घेऊन जाते, आणि खरे सांगायचे तर हा लेख त्या नियमासाठीच लिहिला आहे.

आधी नावाची गोष्ट संपवू. इसवी सनापूर्वीच्या काळात या प्रदेशात ‘बोई’ नावाची केल्टिक जमात राहत होती. रोमन लोक त्यांच्या भूमीला ‘बोइओहेमुम’ म्हणत. या नावाचा पहिला भाग जमातीचा आणि दुसरा भाग घर या अर्थाच्या जर्मानिक शब्दाचा. इंग्रजीतील ‘होम’ आणि जर्मनमधील ‘हाइम’ हे त्याच शब्दाचे आजचे वंशज. संस्कृतमधील ‘क्षि’, म्हणजे राहणे, या धातूशी आणि म्हणून ‘क्षेम’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. म्हणजे घरदार नसलेल्या माणसाला आपण जे विशेषण लावतो त्याच्या पोटातच ‘घर’ दडलेले आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की बोई लोक त्या भूमीतून केव्हाच निघून गेले, तेथे दुसरेच लोक नांदत आहेत, तरी नाव मात्र टिकून आहे. हा शब्द चुकीच्या माणसांना चिकटण्याची ही पहिली खेप होती. पुढे स्लाव्ह लोक आले तरी नाव तेच राहिले.

पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून जर्मन आणि फ्रेंच शहरांच्या नोंदींत सावळ्या वर्णाच्या, अपरिचित भाषा बोलणाऱ्या लोकांचे जथे दिसू लागतात. ऑगस्ट १४२७ मध्ये असा एक जथा पॅरिसच्या वेशीबाहेर उतरला. पॅरिसमधील एका अनाम रोजनिशीकाराने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. आपण ‘खालच्या इजिप्त’मधून आलो असे ते सांगत होते. या ‘इजिप्शियन’चेच पुढे इंग्रजीत ‘जिप्सी’ आणि स्पॅनिशमध्ये ‘हितानो’ झाले. (भारतात या नावाची मोटार अनेक वर्षे पोलिसांच्याच ताफ्यात होती, युरोपातील पोलिसांनी शतकानुशतके ज्यांना हुसकावले त्यांच्या नावाचे हे भाग्य म्हणायचे.) अशा काही जथ्यांकडे राजांची संरक्षणपत्रे असत. हंगेरी आणि बोहेमियाचा राजा झिगिस्मुंड याने १४२३ मध्ये, आज स्लोव्हाकियात असलेल्या स्पिश किल्ल्यावरून, दिलेले असे एक पत्र प्रसिद्ध आहे. बोहेमियाच्या राजाचे पत्र आणणारे, किंवा बोहेमियाच्या वाटेने आलेले, म्हणून फ्रेंच लोकांनी त्यांना ‘बोएमियँ’ म्हटले, हा या नावाचा सर्वसाधारणपणे मान्य असलेला खुलासा आहे. प्रवासी परवान्यावर ज्या कचेरीचा शिक्का असेल तेच माणसाचे गाव समजावे, तसा हा प्रकार झाला. हे लोक स्वतःला ‘रोमा’ म्हणतात आणि आपणही येथून पुढे तेच म्हणू.

त्याच रोजनिशीत अशीही नोंद आहे की पॅरिसकर या पाहुण्यांना हात दाखवून भविष्य विचारायला लोटले आणि ज्यांनी हात दाखवले त्यांना बिशपने बहिष्कृत केले. हात पाहणाऱ्यांबद्दल असलेला हा तिरस्कार आणि आकर्षण आजही युरोपात टिकून आहे. हस्तरेषा म्हणजे गर्भावस्थेतच तळहाताच्या कातडीला पडणाऱ्या घड्या आहेत, आणि त्यांत आयुष्याचा नकाशा नसतो, हे आपल्याकडेही पुन्हा पुन्हा सांगावे लागतेच. त्यामुळे पॅरिसकरांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. या समाजाचा भूतकाळ वाचता येईल असा पुरावा मात्र त्यांच्याकडे खरोखरच होता. तो हातावर नव्हता, जिभेवर होता.

तेथे जाण्यापूर्वी शब्दाचे शेवटचे वळण पाहू. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील गरीब चित्रकार, कवी आणि विद्यार्थी स्वस्त माळ्यांवर राहत, भाडे थकवत आणि रीतीरिवाज धाब्यावर बसवत. त्यांच्या या राहणीला ‘बोएम’ म्हणण्याची प्रथा पडली. आंरी म्यूर्जे या लेखकाने १८४५ पासून नियतकालिकात लिहिलेल्या आणि १८५१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कथांनी हा अर्थ जगभर नेला. इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या १८९६ मधील ‘ला बोएम’ या संगीतिकेने त्यावर कायमची मोहोर उमटवली. भाषाशास्त्रात याला अर्थोत्कर्ष म्हणतात. तुच्छतेने वापरलेला शब्द गौरवाचा झाला. पण तो दुसऱ्यांसाठी झाला. पॅरिसमधील कलावंत हौसेने स्वतःला ‘बोहेमियन’ म्हणवून घेत होते, त्याच वेळी मोल्दाविया आणि वालाकिया, म्हणजे आजचा रुमानिया, येथे रोमा माणसे मठांच्या आणि जमीनदारांच्या मालकीची गुलाम होती. ती गुलामी कायद्याने संपली ती १८५५ आणि १८५६ मध्ये. तसेच, रोमा म्हणजे सदैव चाकांवरचे लोक ही समजूतही खोटी आहे. पूर्व युरोपातील बहुसंख्य रोमा कित्येक पिढ्यांपासून एका जागी राहत आले आहेत.

असा प्रवास करणारे शब्द आपल्याकडेही आहेत. ‘कलंदर’ हा मूळ फारसी वळणाचा शब्द एका विशिष्ट पंथाच्या भटक्या दरवेशांसाठी होता. ‘अवलिया’ हे अरबी अनेकवचन ईश्वराच्या जवळच्या माणसांसाठी होते. मराठीत हे दोन्ही शब्द आता एखाद्या विक्षिप्त, मनस्वी गायकाबद्दल किंवा चित्रकाराबद्दल कौतुकाने वापरले जातात आणि वापरणाऱ्याच्या मनात दरवेशही नसतो की सूफी संतही नसतो. ‘बोहेमियन’ला मराठी प्रतिशब्द हवा असेल तर ‘कलंदर’ हाच सर्वांत जवळचा आहे, कारण दोघांचा अर्थ तर जुळतोच, पण चालही जुळते. मराठीत ‘बोहेमियन’ लिहिताना आणखी एक घोटाळा होतो. इंग्रजीत प्रदेशवाचक अर्थी पहिले अक्षर मोठे असते आणि वृत्तिवाचक अर्थी ते बहुधा लहान असते. जर्मनमध्ये तर ‘बोमे’ आणि ‘बोहेमियाँ’ असे दोन वेगळे शब्दच आहेत. देवनागरीत अक्षर मोठे-लहान होत नसल्याने ‘बोहेमियन काच’ आणि ‘बोहेमियन राहणी’ शेजारी शेजारी बसतात आणि पलंगपोस विकणारा गोंधळतो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. हे लोक मूळचे कोठले, याचा पहिला शास्त्रीय उलगडा जर्मनीतील हाले शहरात झाला. योहान रूडिगर नावाच्या भाषाभ्यासकाने एका रोमा स्त्रीकडून काही वाक्यांची तिच्या भाषेत भाषांतरे करून घेतली आणि ती एका जर्मन मिशनऱ्याने लिहिलेल्या हिंदुस्तानीच्या व्याकरणाशी ताडून पाहिली. शब्द जुळले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्ययही जुळले. हा निष्कर्ष त्याने १७८२ मध्ये प्रसिद्ध केला. विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांच्या नात्याबद्दलचे सुप्रसिद्ध भाषण केले ते त्यानंतर चार वर्षांनी, १७८६ मध्ये. तौलनिक भाषाशास्त्राचा जन्म जोन्स यांच्या भाषणात झाला असे आपण शिकतो. त्या अभ्यासक्रमात हालेमधील त्या स्त्रीलाही एक ओळ मिळायला हवी, असे मला वाटते.

रोमा लोकांच्या भाषेला रोमानी म्हणतात. तिच्यातील काही शब्द मराठी वाचकाला भाषांतराविना कळतील. नाकाला ‘नख’, कानाला ‘कन’, पाण्याला ‘पानी’, काळ्याला ‘कालो’, माणसाला ‘मनुश’, मिठाला ‘लोन’ म्हणतात. गावाला ‘गव’ आणि नावाला काही बोलींत ‘नव’, काही बोलींत ‘अनव’ म्हणतात. मात्र केवळ शब्द सारखे ऐकू येणे हा पुरावा नव्हे. जगात हजारो भाषा आहेत आणि त्यांत योगायोगाने जुळणारे शब्द कोणालाही सापडतात; असे चार शब्द जुळवून जगातील सर्व भाषा एकाच भाषेतून निघाल्याचे सिद्ध करणारे संदेश तुमच्याही भ्रमणध्वनीवर येत असतील. भाषाशास्त्रात पुरावा मानतात तो सारखेपणाला नव्हे, तर नियमित वेगळेपणाला. दोन भाषांतील शब्द एकाच पद्धतीने, पुन्हा पुन्हा, अपवादांचेही कारण देता येईल अशा शिस्तीने वेगळे असतील, तर त्या भाषा एका वंशाच्या असतात.

ही शिस्त पाहण्यासाठी शाळेत पाठ केलेला वर्णमालेचा तक्ता डोळ्यांसमोर आणावा: क ख ग घ, त थ द ध, प फ ब भ. प्रत्येक वर्गातील पहिली दोन व्यंजने कठोर, म्हणजे उच्चारताना स्वरतंतू थरथरत नाहीत. पुढची दोन मृदू, म्हणजे स्वरतंतू थरथरतात. दुसरे आणि चौथे व्यंजन महाप्राण, म्हणजे सोबत हवेचा झोत सुटतो. कंठावर बोट ठेवून ‘ख’ आणि ‘घ’ म्हणून पाहिल्यास हा फरक हाताला कळतो. रोमानीचा महत्त्वाचा नियम एका वाक्यात असा सांगता येतो: वर्गातील चौथे अक्षर दुसऱ्या घरात जाऊन बसते. महाप्राण राहतो, मृदुपणा जातो.

म्हणून ‘घर’चे होते ‘खेर’. संस्कृत ‘घर्म’, म्हणजे उष्णता, ज्यापासून आपला ‘घाम’ आला, त्याचे रोमानीत होते ‘खम’ आणि अर्थ होतो सूर्य. ‘धूम’ म्हणजे धूर, त्याचे ‘थुव’. ‘भूमि’चे ‘फुव’, ‘भगिनी’चे ‘फेन’, ‘भ्राता’चे ‘फ्राल’, ‘भार’पासून जड या अर्थाचा ‘फारो’. (मराठीत आपण ‘फ’ बहुधा खालचा ओठ दातांना टेकवून उच्चारतो, येथे तो ‘प’ला ‘ह’ जोडल्यासारखा, जुन्या पद्धतीने वाचावा.) क-वर्ग, त-वर्ग आणि प-वर्ग हे तोंडातील तीन वेगवेगळ्या ठिकाणी उच्चारले जाणारे वर्ग आहेत, तरी तिन्ही ठिकाणी एकच बदल झाला. तो एकेका शब्दात स्वतंत्रपणे झालेला नाही, तर संपूर्ण स्तंभ सरकला आहे. पाणिनीच्या परंपरेने ध्वनींची अशी चौकटीत मांडणी केली नसती तर हा बदल शंभर सुट्या शब्दांची यादी वाटला असता. तक्त्यामुळे तो एका ओळीचा नियम होतो. रसायनशास्त्रातील आवर्त सारणी पाहताना जे समाधान मिळते तेच मला येथे मिळते.

असे का होते? घ, ध, भ हे ध्वनी शरीराला अवघड आहेत. स्वरतंतू थरथरण्यासाठी ते एकमेकांजवळ यावे लागतात आणि हवेचा मोठा झोत सुटण्यासाठी ते दूर व्हावे लागतात. मृदू महाप्राण उच्चारताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, अर्धवट, साधाव्या लागतात. म्हणूनच जगातील फार थोड्या भाषांत हे ध्वनी आहेत आणि ज्या भाषांत होते त्यांतील अनेकींनी ते टाकून दिले. पंजाबीने एक तोडगा काढला: ‘घर’मधील ‘घ’ जवळजवळ ‘क’ झाला आणि गमावलेल्या प्राणाची भरपाई खालच्या सुराने झाली. प्राचीन ग्रीकने दुसरा तोडगा काढला आणि तो अगदी रोमानीसारखाच होता. आपल्या ‘भ्राता’शी सगोत्र असलेला ग्रीक शब्द ‘फ्रातेर’ असा होता. मग रोमानीने ‘फ्राल’ ग्रीकांकडून घेतला असेल का? नाही. रोमा ग्रीक प्रदेशात पोहोचले तोवर ग्रीकमधील तो जुना ‘फ’ बदलून ओठ-दातांचा झाला होता आणि भावासाठी वेगळाच शब्द रुळला होता. एकच अवघड वळण दोन भाषांनी, कित्येक शतकांच्या अंतराने, स्वतंत्रपणे एकाच बाजूने टाळले.

आता अपवादाकडे येऊ, कारण नियमाची परीक्षा तेथेच होते. ‘दूध’ला रोमानीत ‘थूद’ म्हणतात. आपल्या नियमानुसार ‘दूध’चे ‘दूथ’ व्हायला हवे होते. पहिला ‘द’ तर महाप्राणही नाही; मग तेथे ‘थ’ कसा आला? उलगडा असा की येथे दोन बदल झाले आणि ते ठरावीक क्रमाने झाले. आधी शब्दाच्या शेवटचा महाप्राण सुरुवातीच्या मृदू व्यंजनावर सरकला: ‘दूध’चे ‘धूद’ झाले. त्यानंतर चौथ्या घरातील ‘ध’ दुसऱ्या घरात गेला: ‘धूद’चे ‘थूद’ झाले. क्रम उलटा असता तर पहिल्या पायरीवर ‘दूथ’ आणि प्राण सरकल्यावर ‘धूत’ मिळाले असते, आणि तो ‘ध’ तसाच राहिला असता, कारण कठोर करणारा नियम तोवर येऊन गेलेला असता. ज्याची कोणतीही लिखित नोंद नाही अशा काळात कोणता बदल आधी झाला आणि कोणता नंतर, हे एका दुधाच्या पेल्यावरून सांगता येते. (हा परिच्छेद कोणाला जड गेला असल्यास हाताशी कागद घेऊन दोन्ही क्रम एकदा लिहून पाहावेत, त्याशिवाय यातील मौज कळत नाही.)

‘गव’ आणि ‘नव’ वाचून रोमानी ही मराठीची दूर गेलेली बहीण असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरावा लागतो. शेजार सिद्ध होतो तो समान वारशाने नव्हे, तर समान बदलांनी. आजोबांचे घड्याळ दोन चुलत भावांकडे असू शकते, पण दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी नवे घड्याळ घेतले असेल तर ते एकत्र राहत होते असे म्हणता येईल. मराठीत संस्कृत ‘मक्षिका’चे ‘माशी’ झाले, हिंदीत ‘मक्खी’ झाले. रोमानीत ‘मख’ आहे. मराठीने तीन लिंगे सांभाळली. रोमानीने हिंदीसारखे नपुंसकलिंग सोडले, आणि मराठीत नपुंसकलिंगी असलेले घर, दूध आणि पाणी हे तिन्ही शब्द तिच्यात हिंदीप्रमाणेच पुल्लिंगी आहेत. म्हणजे सुरुवातीचे बदल मध्य भारतीय भाषांबरोबर झालेले दिसतात. पण मग रोमानीत तीनला ‘त्रिन’, द्राक्षाला ‘द्रख’, हाताला ‘वस्त’ आणि लाकडाला ‘कश्त’ म्हणतात, ते कसे? मध्य प्रदेशातील भाषांनी ही जोडाक्षरे केव्हाच मोडून टाकली. ती टिकली वायव्येकडे, काश्मीरच्या आसपासच्या भाषांत. भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये याची संगती अशी लावली की रोमानीच्या पूर्वजांनी मध्य प्रदेश लवकर सोडला आणि ते वायव्येला दीर्घकाळ राहिले, त्यामुळे मध्य प्रदेशातील जुने बदल त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि नंतरचे पोहोचले नाहीत. (येथे ‘मध्य प्रदेश’ म्हणजे आजचे राज्य नव्हे, गंगा-यमुनेच्या परिसरातील जुना ‘मध्यदेश’.)

वायव्येकडून निघाल्यावरचा मार्ग उसन्या शब्दांत साठला आहे, नदीच्या गाळात साठावा तसा. फारसीतून ‘ज़ोर’ आला आणि नशिबासाठी ‘बख्त’ आला. ‘कमबख्त’ ऐकलेल्या माणसाला तो सांगावा लागणार नाही. आर्मेनियनमधून घोड्यासाठी ‘ग्रास्त’ आणि भट्टीसाठी ‘बोव’ हे शब्द आले. अरबी शब्द जवळजवळ नाहीत, त्यामुळे अरबी भाषक प्रदेशात फार मुक्काम झालेला नसावा. मग ग्रीकचा फार मोठा थर लागतो: रस्त्याला ‘द्रोम’, शहराला ‘फोरो’, घोड्याच्या नालेला ‘पेतालो’, ऐरणीला ‘अमोनी’. लोहारकामाचे शब्द ग्रीक असणे बरेच काही सांगून जाते. सर्वांत मोठी मौज आकड्यांत आहे. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, इथवर भारत. मग एफ्ता, ओख्तो, एन्या, म्हणजे सात, आठ, नऊ, हे ग्रीक. आणि दहाला पुन्हा ‘देश’. वीसला ‘बिश’, शंभराला ‘शेल’, ज्यात आपला ‘शे’ ओळखू येतो, पण तीसला ग्रीक ‘त्रांदा’. सहापर्यंत मोजणाऱ्या माणसाने जणू तेव्हाच्या ग्रीक भाषक अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मुक्काम करून पुढची मोजणी पूर्ण केली.

याच पुराव्याने काही लोकप्रिय कथाही निकालात निघतात. फिर्दौसीच्या शाहनाम्यात अशी गोष्ट आहे की पाचव्या शतकातील इराणचा राजा बहराम गोर याने भारतातून दहा हजार ‘लुरी’ वादक मागवले. तेच रोमांचे पूर्वज, असे हौसेने सांगितले जाते. पण पाचव्या शतकात उत्तर भारतातील भाषांत नपुंसकलिंग जिवंत होते. ते नाहीसे होण्याच्या प्रक्रियेत रोमानीही सहभागी आहे, तेव्हा तिचे बोलणारे पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धापर्यंत भारतातच असले पाहिजेत. दुसरी कथा आपल्याकडे अधिक फिरते: रोमा म्हणजे महमूद गझनीने नेलेले रजपूत योद्धे. याला कोणत्याही समकालीन कागदाचा आधार नाही. भाषा कोठून आणि साधारण केव्हा निघाली ते सांगते. कमरेला तलवार होती की खांद्यावर ढोल, हे ती सांगत नाही. उलट ‘रोम’ हा शब्द स्वतःच ‘डोम’ या शब्दापासून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. शब्दातील ‘ड’चा रोमानीत ‘र’ होतो. भाकरीला ते ‘मारो’ किंवा ‘मान्रो’ म्हणतात, आणि तो आपल्या मांड्यांचाच सगोत्र आहे. महाराष्ट्रातील ‘डोंबारी’ या नावातही तोच जुना शब्द आहे. मात्र तेवढ्यावरून डोंबारी किंवा बंजारा म्हणजेच रोमा असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. पण योद्ध्यांचे पूर्वज शोधण्याच्या घाईत या शब्दाकडे डोळेझाक केली जाते, तिचे कारण भाषाशास्त्रात नाही, आपल्या जातींच्या उतरंडीत आहे.

जनुकशास्त्र या चर्चेत उशिरा आले आणि त्याने मुख्यतः भाषेच्या साक्षीवर सही केली. एखादा लहान गट मोठ्या समूहातून फुटून निघतो तेव्हा त्याच्यासोबत योगायोगाने जी थोडी जनुकीय रूपे जातात तीच पुढच्या पिढ्यांत वारंवार दिसतात. याला संस्थापक-परिणाम म्हणतात. रोमा समाजात स्नायूंच्या जन्मजात दुर्बलतेचा एक आजार आढळतो. त्यामागे एका जनुकातील एकच अक्षर गळणे हे कारण आहे, आणि नेमके तेच अक्षर गळालेली कुटुंबे भारत आणि पाकिस्तानातही सापडली आहेत. २००४ मधील एका अभ्यासात अशा उत्परिवर्तनांवरून संस्थापक गटाचा काळ ३२ ते ४० पिढ्यांपूर्वीचा ठरवण्यात आला. २०१२ मध्ये युरोपातील १३ रोमा गटांच्या जनुकसंचांचा अभ्यास झाला आणि मूळ वायव्य किंवा उत्तर भारतात, सुमारे १,५०० वर्षांपूर्वी, एकाच गटात असल्याचा निष्कर्ष निघाला. या तारखा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. गट वेगळा होणे, तो भारत सोडून जाणे आणि त्याची भाषा वेगळी होणे या तीन वेगवेगळ्या घटना आहेत, आणि जनुकांवरून काढलेल्या वर्षांत पिढीची लांबी गृहीत धरलेली असते. वर्तमानपत्री मथळ्यांत मात्र ‘डीएनएने सिद्ध केले’ एवढेच उरते. शिवाय युरोपातील रोमांच्या जनुकसंचाचा मोठा भाग युरोपीय आहे; हजार वर्षे माणसे ज्यांच्यासोबत राहतात त्यांच्याशी सोयरिकी होतातच.

आता पुन्हा बोहेमियात जाऊ. तेथे खरोखरच रोमा राहत होते, त्यांची रोमानीची स्वतंत्र बोली होती, आणि ‘बोहेमियन’ हा शब्द जगात कोणाला दोन्ही अर्थांनी लागू पडला असता तर तो त्यांना. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण बोहेमियातील लेती येथे १९४२ मध्ये रोमांसाठी छावणी करण्यात आली. तेथे तीनशेहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. उरलेल्यांतील बहुतेकांना आउशवित्झला पाठवण्यात आले. युद्धानंतर ती बोली बोलणारा समाज उरला नाही. आजच्या झेक प्रजासत्ताकातील बहुतेक रोमा १९४५ नंतर स्लोव्हाकियातून आलेल्या कुटुंबांतील आहेत. लेतीच्या छावणीच्या जागेवर १९७० च्या दशकात वराहपालन केंद्र उभारले गेले. ते सरकारने विकत घेऊन पाडले आणि तेथे २०२४ मध्ये स्मारक खुले झाले.

त्या बोलीचे व्याकरण आणि शब्दकोश मात्र शिल्लक आहे. आंतोनीन पुख्मायेर या झेक धर्मगुरूने ते तयार केले आणि १८२१ मध्ये ते प्रागला छापले गेले. पुस्तकाचे नाव ‘रोमानी छिब’. ‘छिब’ म्हणजे बोली, भाषा. मागे ‘दूध’च्या बाबतीत पाहिलेले दोन बदल उलट क्रमाने मागे नेऊन पाहिले, ‘छ’ चौथ्या घरात परत नेला आणि मग प्राण शब्दाच्या शेवटी परत ठेवला, तर ‘छिब’चे ‘झिब’ आणि ‘झिब’चे ‘जिभ’ होते.